जुन्या एस्टीमला पिंजरा बसवून ट्रॅकची गाडी करावी का?

विजापूर_नाका

नमस्कार. आमच्या घरी २००३ सालची मारुती एस्टीम आहे. वडिलांनी ती नवी कोरी घेतली होती आणि गेली चार वर्षे ती जुळे सोलापुरातल्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी आहे. महिन्यातून एकदा मी तिचे इंजिन चालू करतो. १.३ लिटरचे, ८५ अश्वशक्तीचे ते इंजिन आजही पहिल्या चावीला सुरू होते. मागच्या वर्षी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतीच्या ट्रॅकवर प्रशिक्षणाचे दोन दिवस काढले आणि तेव्हापासून या गाडीला रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, आपल्या भाषेत पिंजरा, बसवून तिची ट्रॅकची गाडी करावी असे मनात घेतले आहे.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका फॅब्रिकेटरला गाडी दाखवली. शेड, गेट, ट्रॉली अशी कामे तो उत्तम करतो. त्याचे म्हणणे असे की दीड इंची काळी पाईप घेऊ, वाळू भरून, गरम करून वाकवू आणि आठ दिवसांत पिंजरा बसवून देऊ. दर मला परवडणारा आहे. माझे प्रश्न तीन आहेत. ही पाईप चालेल का? पिंजरा नटबोल्टने बसवावा की वेल्डिंगने? आणि पिंजरा बसवल्यावर रविवारी सकाळी पुणे रस्त्याने सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत एखादी फेरी मारता येईल का? ट्रॅक आपल्यापासून फार लांब, त्यामुळे गाडी वर्षातून दोनदाच तिकडे जाईल आणि उरलेले दिवस नुसती उभी राहील, ही कल्पना मनाला पटत नाही.

बिगरहंगामी

मी साखर कारखान्यात बॉयलर विभागात बत्तीस वर्षे काढली आणि त्यातील बहुतेक ऑफ सीझन नळ्यांच्या वेल्डिंगमध्येच गेले. रॅलीच्या दोन गाड्यांच्या पिंजऱ्यांचे वेल्डिंगही केले आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्यामागचे कारण कळल्याशिवाय फॅब्रिकेटरशी बोलता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पाईप आणि ट्यूब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाईप पाणी, वाफ वाहून नेण्यासाठी असते आणि तिचे माप आतल्या पोकळीवरून सांगितले जाते. त्यामुळे बाजारातील ‘दीड इंची’ पाईपचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ४८.३ मिमी भरतो. ट्यूब बांधणीच्या कामाची असते आणि तिचे माप बाहेरच्या व्यासावर धरतात. शिवाय काळी पाईप म्हणजे पत्र्याची पट्टी गोल करून लांबीभर शिवण मारलेली, ईआरडब्ल्यू जातीची. जागतिक मोटारक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, अपेंडिक्स जे मधील कलम २५३ मध्ये पिंजऱ्याचे नियम आहेत आणि तेथे शीत अवस्थेत ओढलेली बिनशिवणीची कार्बन स्टीलची ट्यूब सांगितली आहे. तिची ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी असावी लागते. चालकाच्या पाठीमागची मुख्य कमान ४५ मिमी व्यास व २.५ मिमी जाडीची किंवा ५० मिमी व्यास व २ मिमी जाडीची हवी. उरलेल्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालतात. बाजारात हीच ‘सीडीएस (कोल्ड ड्रॉन सीमलेस) ट्यूब’ म्हणून मागा आणि सोबत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र घ्या. प्रमाणपत्राशिवाय ती ट्यूब कोणत्या पोलादाची आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, मलाही नाही.

दुसरी गोष्ट वाळू भरून गरम करण्याची. जिन्याच्या कठड्याला ती पद्धत ठीक आहे, पण येथे नाही. सीडीएस ट्यूबची बरीचशी ताकद ती थंड ओढल्यामुळे आलेली असते आणि लाल होईपर्यंत तापवली की नेमक्या वाकणाच्या जागी ती निघून जाते. नियमही थंड वाकवण्याचाच आहे. वाकणाची त्रिज्या ट्यूबच्या व्यासाच्या किमान तिप्पट असावी आणि वाकलेल्या जागी लहान व मोठ्या व्यासाचे गुणोत्तर ०.९ च्या खाली जाऊ नये. प्लंबरचे हायड्रॉलिक यंत्र ट्यूब चपटी करते. तिच्या व्यासाचा नेमका साचा (डाय) आणि आतून मँड्रेलचा, म्हणजे नळीत घालायच्या गजाचा, आधार असलेले यंत्र शोधा. चिंचोळी एमआयडीसीत विचारून पाहा, नाहीतर पुण्याहून वाकवून आणा. वाकवायच्या नळ्या मोजक्याच असतात.

तुमचा फॅब्रिकेटर वाईट नाही. त्याने आजवर ज्या वस्तू केल्या, त्या उलटल्यावर त्यांच्या आत माणूस नसतो, एवढाच फरक आहे.

अपूर्णांक

बिगरहंगामी काकांच्या मुद्द्याला वजनाचा हिशेब जोडते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकवते, त्यामुळे आकडे दिसले की हात शिवशिवतात. ५० बाय २ ट्यूबचे वजन मीटरला २.३७ किलो आणि ४० बाय २ चे १.८७ किलो येते. मुख्य कमानीला सुमारे ५ मीटर आणि इतर नळ्यांना १८ मीटर धरले तर १२ आणि ३४ मिळून ४६ किलो, वर तळपट्ट्यांचे काही किलो. तीच लांबी २.९ मिमी जाडीच्या काळ्या पाईपने केली तर मीटरला ३.२५ किलोप्रमाणे जवळजवळ ७५ किलो होतात. म्हणजे पोलाद कोणते ते ठाऊक नाही आणि वर तीस किलोंचा भुर्दंड, तोही बराचसा छताजवळ, जेथे वजन वाढणे गाडीला सर्वांत जास्त जाचते.

पिंजरा केवळ उलटण्यापासून वाचवतो असे समजू नये. एस्टीमसारख्या हलक्या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, गाडीचे कवच पातळ पत्र्याचे, ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेले असते. वळणात ते पिळवटते आणि स्प्रिंगने करायचे काम पत्रा करू लागतो. पिंजऱ्याच्या नळ्या चारही सस्पेन्शनच्या टोकांना नीट बांधल्या गेल्या की हे पिळवटणे कमी होते आणि मगच कडक स्प्रिंग घालण्यात अर्थ उरतो. यासाठी तिरकस नळ्या महत्त्वाच्या आहेत. चौकोन ढकलला की समांतरभुज होतो, त्याचे दोन त्रिकोण केले की होत नाही, हे शाळेतलेच आहे. मुख्य कमानीतील तिरकस नळीचे वरचे टोक चालकाच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे यावे. पाठीमागे जाणारे दोन आधार सरळ, न वाकवलेले आणि उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करणारे असावेत. आरामासाठी किंवा मागचे सीट वाचवण्यासाठी या नळ्यांना बाक दिलेला दिसला, तर तो पिंजरा घेऊ नये.

चौथा_गिअर

मूळचा सोलापूरचा, सध्या कोईम्बतूरला नोकरीस आहे आणि येथील करी मोटर स्पीडवेवर हौशी पातळीवर गाडी चालवतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी बोललेले नाही आणि माझ्या मते सगळ्यात आधी निकालात काढायचा प्रश्न तोच आहे.

पिंजरा बसवलेली गाडी रस्त्यावर चालवू नका. कायद्याचा भाग जाणकार सांगतीलच, पण कायदा बाजूला ठेवला तरी ते करू नका. ट्रॅकवर चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते, अंगावर सहा टोकांचा पट्टा असतो आणि सीट हलत नाही. त्या तिन्ही गोष्टींच्या भरवशावर पिंजरा डोक्यापासून वीतभर अंतरावर असू शकतो. तुम्ही रविवारी सकाळी टोपीही न घालता, कंपनीचा तिरका पट्टा लावून मोहोळच्या दिशेने निघालात आणि मागून एखाद्या ट्रकने साधा धक्का दिला, तर मूळ गाडीत तुमचे डोके मऊ छताला किंवा खांबाच्या प्लॅस्टिकला लागले असते, ते येथे पोलादी नळीला लागेल. नळीवर गुंडाळायचे फोमही स्पर्धेच्या दर्जाचे, मुद्दाम टणक असते. ते हेल्मेटसाठी केलेले आहे, कवटीसाठी नाही. पाणी तापवण्याच्या पाईपवर चढवतात तसला काळा स्पंज तर निव्वळ शोभेचा असतो.

‘मग रस्त्यावरही सहा टोकांचा पट्टा लावतो’ असे कोणी म्हणेल. त्याने खांदे सीटला जखडले जातात आणि धडकेत फक्त डोके पुढे फेकले जाते. सगळा भार मानेवर येतो. ट्रॅकवर त्यासाठी हेल्मेटला जोडलेला मानेचा आधार, हॅन्स, वापरतात. तो घालून सात रस्त्याच्या चौकात उजवी-डावीकडे बघता येणार नाही.

सीट, पट्टा, पिंजरा आणि हॅन्स ही चार वेगळी खरेदी नव्हे, ही एकच वस्तू आहे. मूळचे मागे झुकणारे सीट ठेवून सहा टोकांचा पट्टा लावला तर धडकेत पाठ मोडते आणि शरीर कमरपट्ट्याखालून घसरते. खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या जमिनीतल्या बोल्टला बांधले तर ते खांद्यांना खाली ओढतात आणि मणका दाबला जातो. हे पट्टे पिंजऱ्यातील आडव्या नळीला, खांद्यांच्या उंचीजवळ बांधावेत. ते मागे जाताना खाली उतरण्याचा कोन ४५ अंशांपेक्षा जास्त चालत नाही आणि शक्यतो १० अंशांच्या आत ठेवण्याची शिफारस आहे. पट्ट्यांवर व सीटवर मुदत छापलेली असते. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे पट्टे बहुधा मुदत संपलेले असतात, कापड मात्र नव्यासारखे दिसते. चादरींच्या गावातल्या माणसाला उन्हाने धागा कसा कुजतो हे सांगायला नको.

काळा_कोट

थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब स्पष्ट केली आहे. सीट काढून, सांगाड्याला नळ्या वेल्ड करून, एअरबॅग किंवा मूळ पट्टे काढून टाकलेले एमएच १३ पासिंगचे वाहन महामार्गावर आणणे हे सरळ सरळ अंगावर ओढवून घेणे आहे. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत व वेगाची चाचणी यांसाठीचा वापर मुळातच वगळलेला असतो. सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत लावणे हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे, म्हणून ‘पहाटे रस्ता मोकळा असतो’ हा युक्तिवाद करू नये.

वाहन रस्त्यावरील वापरासाठी कायमचे निकामी झाले तर कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकरणाला कळवून नोंदणी प्रमाणपत्र जमा करायचे असते. कापाकापी सुरू करण्याआधीच आरटीओत जाऊन ही प्रक्रिया लेखी विचारून घ्या. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज त्यांचाच लागेल.

शेंगाचटणी

तांत्रिक काही कळत नाही, पण एक विचारते. वडिलांना विचारले आहे का? आमच्याकडे फियाट विकली तेव्हा आमचे अप्पा दोन दिवस नीट जेवले नव्हते, आणि ती तर नुसती विकली होती, कापली नव्हती.

विजापूर_नाका

सर्वांचे आभार. शेंगाचटणी ताई, वडिलांना विचारले. ते म्हणाले, “भंगारात जाण्यापेक्षा पळू दे, पण माझ्या नावावर असताना पळवू नकोस.” त्यामुळे काळा_कोट यांनी सांगितलेला अर्ज आधी होईल. रस्त्यावर फेरी मारण्याचा विचार सोडला आहे. गाडी ट्रॅकवर ट्रकच्या फ्लॅटबेडवरूनच जाईल.

मधल्या तीन आठवड्यांत गाडी आतून रिकामी केली. सीटे, गालिचा, छताचे अस्तर, डॅशबोर्ड सर्व बाहेर आले. जमिनीवर आवाज रोखण्यासाठी चिकटवलेले डांबरी थर मात्र निघेनात. एप्रिलच्या उन्हात ते चिकीसारखे ताणले जात होते. शेवटी आइस्क्रीमवाल्याकडून कोरडा बर्फ आणला, थरांवर पसरला, दहा मिनिटांत ते काचेसारखे कडक झाले आणि हातोडीने तुकडे पडले. चारही दारे उघडी ठेवली होती, कारण त्या बर्फाचा वायू बंद गाडीत गुदमरवतो.

आणि मग खरी बातमी दिसली. चालकाच्या पायाखालचा पत्रा व उजव्या सिलचा, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीचा, आतला भाग गंजून जाळीदार झाला आहे. स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. मागे एकदा पुढची काच बदलून घेतली होती, तेव्हापासून पावसात तेथून पाणी झिरपत असावे. वरून गालिचा कोरडा, खाली डबके. फॅब्रिकेटर म्हणतो, त्यावर जाड पट्टी मारून पिंजऱ्याचा पाय ठेवू. ठेवावा का?

बिगरहंगामी

ठेवू नये. हा पाय म्हणजे सगळ्या पिंजऱ्याचा पाया आहे. गाडी उलटते तेव्हा मुख्य कमानीचा पाय सुईसारखा गाडीच्याच तळात घुसू पाहतो. खाली गंजका पत्रा असेल तर कमान शाबूत राहते आणि गाडी तिच्यावरून खाली सरकते, म्हणजे छत डोक्यावर येतेच. जाड पट्टी गंजाला वेल्ड होत नाही, तिच्या कडेचा पत्रा फक्त जळतो. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा, त्याच जाडीचा नवा पत्रा कडेला कड लावून जोडा आणि सिलही आतून उघडून दुरुस्त करा. त्यानंतर पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची पट्टी येते. ती नुसती जमिनीवर सपाट ठेवू नका. जमीन आणि सिलची उभी बाजू या दोन्हींना धरेल अशी काटकोनात वाकवा. तुमच्या नटबोल्टच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. नियमात बोल्टचा पिंजरा बसतो, प्रत्येक पायाला ८.८ दर्जाचे किमान तीन एम ८ बोल्ट आणि पत्र्याच्या खालून दुसरी पट्टी लावून. पण तुम्ही गाडी परत रस्त्यावर नेणारच नसाल तर वेल्डिंग करा. अपूर्णांक ताईंनी सांगितलेला सांगाड्याचा ताठपणा वेल्डिंगनेच मिळतो.

आता वेल्डिंगमधील एक अडचण सांगतो, जी बहुतेक ठिकाणी लपवली जाते. कमान छताला जितकी चिकटून असेल तितकी चांगली, पण मग नळ्यांच्या सांध्याच्या वरच्या अंगाला वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नाही. लोक खालून दिसते तेवढे तीन-चतुर्थांश वेल्ड करतात, रंग मारतात आणि गाडी देतात. माझ्यासमोर अशी एक गाडी आली होती. आरसा वर सरकवला तर चारपैकी तीन सांधे वरून कोरे होते. सांधा पूर्ण घेराने भरलाच पाहिजे. त्याची युक्ती अशी की पाय जेथे येणार तेथे जमिनीला भोके पाडायची, टॅक केलेला, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरता जोडलेला, पिंजरा त्या भोकांतून खाली उतरवायचा, छतापासून मोकळी जागा मिळाली की वरचे सांधे पूर्ण करायचे, पिंजरा परत वर उचलायचा आणि मग भोकांवर पेटीसारखे पोलादी ओटे करून पाय त्यांवर वेल्ड करायचे. वेळ दुप्पट लागतो, म्हणून ‘आठ दिवसांत देतो’ हे ऐकल्यावरच मला शंका आली होती.

वेल्डिंग टिग किंवा मिग, हात बसलेला असेल ते करा. काम झाल्यावर ग्राइंडरने सांधे गुळगुळीत करू देऊ नका, सुंदर दिसण्यासाठी माल घासून टाकण्यात अर्थ नाही. आमच्या बॉयलरच्या कामात डाय पेनेट्रंट, म्हणजे भेगांत शिरणारा लाल रंग, मारून भेगा बघतात, ते किट येथेही वापरता येते. आणि सुरुवात करण्यापूर्वी बॅटरी, अल्टरनेटर, ईसीयू (इंजिनचा संगणक) सोडवा व पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून दूर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ असते.

चौथा_गिअर

पिंजऱ्याचे वेळापत्रक मार्गी लागत आहे, तर पुढचे लिहितो. इंजिनला आत्ता हात लावू नका. दक्षिणेत धडे गिरवणाऱ्या कित्येकांच्या फॉर्म्युला एलजीबी या एकआसनी शर्यतीच्या गाड्यांत सुझुकीचेच १.३ लिटरचे इंजिन असते आणि त्यात शिकण्यासारखे पुष्कळ असते. त्याऐवजी सम्पमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, आडवे पत्रे, बॅफल, बसवून घ्या. लांब वळणात तेल एका बाजूला चढते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि बेअरिंग काही सेकंदांत जाते.

ब्रेकवर खर्च करा. तुमच्या गाडीला पुढे डिस्क व मागे ड्रम आहेत. रस्त्यावर ते पुरतात. इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी वारंवार जोरात थांबावे लागते आणि चौथ्या-पाचव्या फेरीत पेडल मऊ होऊन खाली जाते, कारण ब्रेक ऑइल उकळते. डॉट ३ चा उत्कलनांक ताजे असताना २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट ४ चा २३०. पाणी शोषल्यावर हे आकडे १४० व १५५ पर्यंत उतरतात. चार वर्षे उभ्या असलेल्या गाडीतले ऑइल कोणत्या गटात असेल ते तुम्हीच ठरवा.

मुख्य विद्युत स्विच बाहेरूनही बंद करता यावा आणि त्यापाशी पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचे चिन्ह असावे. ओढण्याचे हूक पुढे-मागे, पिवळ्या, लाल किंवा नारिंगी रंगात. तपासणीत हे दोन मुद्दे सुटले म्हणून हजार किलोमीटर आणलेली गाडी फ्लॅटबेडवरच बसून राहिलेली मी पाहिली आहे.

एक गोष्ट मात्र ट्यूब वाकवायला देण्याआधीची आहे. सीट प्रथम घ्या, जमिनीवर तात्पुरते बोल्ट करा आणि हेल्मेट घालून, पट्टा आवळून त्यात बसा. मग कमानीचे माप काढा. लोक उलटे करतात आणि पिंजरा झाल्यावर कळते की आपण उंच आहोत.

विजापूर_नाका

आज तेच केले. माझी उंची सहा फूट एक इंच. मूळ सीटच्या रुळांवर नवे सीट ठेवले तर हेल्मेट छताला टेकते. रूळ कापून सीट थेट जमिनीलगत नेले तेव्हा हेल्मेट व छत यांत चार बोटे जागा राहिली, पण कमानीची ५० मिमी नळी धरली की दोनच बोटे उरतात. म्हणून ४५ बाय २.५ ची ट्यूब घ्यायची ठरवली आहे आणि कमान आणखी मागे, डोक्याच्या रेषेपलीकडे, नेतो आहे. नव्या जमिनीच्या पत्र्याचे काम बिगरहंगामी काकांनी सुचवलेल्या वेल्डरकडे सोमवारपासून सुरू होईल. पुठ्ठ्याची मापे शनिवारी पुण्याला बेंडिंगसाठी पाठवतो. अपूर्णांक ताई, कमान मागे गेल्याने पाठीमागच्या आधारांचा कोन २८ अंश येतो आहे. हे आधार डिक्कीत सस्पेन्शनच्या टॉवरऐवजी (सस्पेन्शनचे वरचे टोक बसते त्या उंचवट्याऐवजी) आणखी मागे उतरवावेत, की कमानच थोडी पुढे घ्यावी?

अपूर्णांक

टॉवर सोडू नका, ताठपणा तेथूनच मिळतो. कमान दोन सेंटीमीटर पुढे घेऊन पुन्हा मोजा आणि सीटची पाठ एक खाच उभी करा. आकडे येथे टाका, मी रात्री बघते.